ईयोबाच्या मित्रांचा अपराध

जुन्या करारातील 'ईयोब' या ग्रंथाविषयी वर्गांतून आणि व्याख्यानांतून तीन गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या जातात, की त्या आता ग्रंथाचाच भाग वाटू लागल्या आहेत. पहिली, ईयोब हा सहनशीलतेचा पुतळा होता. दुसरी, त्याचे मित्र निष्ठुर होते. तिसरी, हे मित्र सुरुवातीला सात दिवस गप्प बसले तेवढेच त्यांनी बरे केले. पुढेही ते गप्पच राहते तर प्रश्न मिटला असता. या तिन्ही गोष्टी आम्हांला अमान्य आहेत. त्या अगदी निराधार आहेत असे नव्हे. परंतु तिघींमुळे मिळून ग्रंथाची धार बोथट होते, आणि दुःखिताशी कसे बोलावे या प्रश्नाचे उत्तर 'गोड बोलावे, नाही तर बोलूच नये' इतके स्वस्त होऊन बसते. बायबलमधील ज्ञानपर वाङ्मय इतके स्वस्त नाही.

सहनशीलतेपासून सुरुवात करू. ही ख्याती ईयोबाला मिळाली ती नव्या करारातील याकोबाच्या पत्रामुळे (५:११). तेथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा रोख निमूटपणे सोसण्यापेक्षा टिकून राहण्याकडे, पाय रोवून उभे राहण्याकडे अधिक आहे. मूळ ग्रंथात निमूट ईयोब भेटतो तो केवळ पहिल्या दोन गद्य अध्यायांत. तिसऱ्या अध्यायात कविता सुरू होते ती त्याने स्वतःच्या जन्मदिवसाला दिलेल्या शापाने, आणि तेथून एकतिसाव्या अध्यायापर्यंत हा मनुष्य तक्रार करतो, वाद घालतो, देवाला न्यायासनासमोर उभे करू पाहतो. एकूण बेचाळीस अध्यायांच्या ग्रंथात ज्याचे मौन दोन अध्यायही धड टिकत नाही, त्याला सोशिकपणाचा आदर्श ठरवायचे, तर मधली सगळी कविता न वाचता सोडून द्यावी लागते. आमच्याकडे बहुतेक वेळा नेमके तेच होते.

आता मित्र. तेमानी अलीफज, शूही बिल्दद आणि नामाथी सोफर हे तिघे आपापल्या ठिकाणांहून, एकमेकांशी ठरवून निघतात. दुरून पाहिल्यावर त्यांना ईयोब ओळखू येत नाही. ते मोठ्याने रडतात, अंगावरची वस्त्रे फाडतात, डोक्यावर धूळ उडवतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात. आपल्यापैकी किती जणांनी कोणासाठी एवढे केले आहे? मग अलीफज बोलू लागतो, तोही संकोचून. बोललो तर तुला जड तर जाणार नाही ना, अशा अर्थाची विचारणा तो आधी करतो. ईयोबानेच पूर्वी कितीकांचे गळालेले हात बळकट केले, याची तो आठवण काढतो. त्याचे भाषण काव्य म्हणून उत्तम आहे आणि धर्मविचार म्हणून निर्दोष आहे. इतके निर्दोष, की त्यातील एक विधान (५:१३) पुढे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून आधाराला घेतले (३:१९). अलीफज चुकीचे बोलला असता तर प्रश्न सोपा होता. तो जे बोलला ते एरवी बरोबर होते, हीच खरी अडचण आहे.

ही अडचण ज्यू परंपरेने फार पूर्वी ओळखली. बाबिलोनी तालमूदच्या 'बाबा मेत्सिया' या प्रकरणात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार चाललेला असताना त्याला जोडूनच 'शब्दांनी केलेला अन्याय' असा एक स्वतंत्र अपराध मांडला आहे. ज्याच्यावर आजार कोसळला आहे किंवा ज्याने आपली मुले पुरली आहेत, त्याच्याशी ईयोबाचे मित्र बोलले तसे बोलू नये, असे तेथे सांगितले आहे. उदाहरण म्हणून तेथे बिल्ददचे कठोर बोल आलेले नाहीत. आले आहेत ते अलीफजच्या पहिल्या भाषणातले, म्हणजे साऱ्या ग्रंथातील सर्वांत मृदू उपदेशातले: निरपराध असून नाश पावला असा कोणी आठवतो का, अशा अर्थाचे. त्या विद्वानांचा निवाडा असा, की अपराध स्वरात नव्हता, तो आशयाच्या रोखात होता. त्याच चर्चेत पुढे आणखी एक मार्मिक भेद येतो. पैशाने केलेली फसवणूक परत फेडता येते. शब्दांनी केलेली फेडता येत नाही.

हा रोख पुढे कसा वाढत जातो ते पाहावे. आठव्या अध्यायात बिल्दद म्हणतो, की तुझ्या मुलांनी पाप केले असेल, म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केले. वाक्याला 'जर'ची लपेट आहे. सभ्यपणा सोडलेला नाही. परंतु वाचकाला पहिला अध्याय आठवत असेल तर हे वाक्य वाचताना त्याचा हात थबकला पाहिजे. मुलांच्या मेजवान्या झाल्या की हा बाप पहाटे उठून प्रत्येकाच्या नावाने होम करीत असे. न जाणो, एखाद्याने मनातल्या मनात देवाचा अव्हेर केला असेल, म्हणून. जी भीती हा बाप मुले जिवंत असताना रोज पहाटे उराशी बाळगत होता, नेमक्या तिच्यावर, मुले गेल्यावर, बिल्दद बोट ठेवतो. त्याला ते ठाऊकही नसावे. दुःखिताला दुखावण्यासाठी दुष्टपणा लागत नाही. सिद्धान्त पाठ असला की पुरते.

आणि बाविसाव्या अध्यायात तोच मृदू अलीफज काय करतो? तो ईयोबाच्या नावावर सरळ गुन्हे लावतो: तू भाऊबंदांकडून विनाकारण गहाण घेतलेस, उघड्यांचे कपडे काढून घेतलेस, तान्हेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यांतील एकाही गोष्टीला कथेत आधार नाही. उलट निवेदकाने पहिल्याच वाक्यात ईयोब सात्त्विक आणि सरळ असल्याची ग्वाही दिली आहे. चौथ्या अध्यायात ज्याने ईयोबाच्या दयाळूपणाची साक्ष काढली, तोच बाविसाव्यात त्याच्यावर निर्दयतेचा आरोप करतो. मधल्या काळात ईयोब बदललेला नाही. बदलली आहे ती अलीफजची निकड. दुःख हे पापाचेच फळ असते हा सिद्धान्त वाचवायचा तर समोरचा मनुष्य पापी असला पाहिजे. आणि तो तसा नसेल तर त्याच्यासाठी पाप घडवले पाहिजे. तुम्ही देवाच्या बाजूने खोटे बोलणार का, असा सवाल ईयोबाने तेराव्या अध्यायात मित्रांना आधीच केला होता. आमच्या मते संबंध ग्रंथाचा कणा या सवालात आहे. सांत्वनाची कसोटी गोडव्यावर लागत नाही; ती खरेपणावर लागते. जो सांत्वक आपल्याला ठाऊक नसलेले कारण ठाऊक असल्यासारखे सांगतो, तो कितीही हळू आवाजात बोलला तरी खोटेच बोलतो.

येथे आमच्या काही मित्रांचा आक्षेप येईल, की बायबलमध्येच 'नीतिसूत्रे' नावाचा ग्रंथ आहे, त्यात वाणीच्या संयमाविषयी कितीतरी वचने आहेत. ती पाठ केली तर पुरे. या मंडळींनी नीतिसूत्रे पाठ केली असतील, वाचलेली दिसत नाहीत. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या लोकांनी उतरवून घेतलेल्या म्हणून ज्या सूत्रांचा निर्देश येतो (२५:१ पासून पुढे), ती सलग वाचावीत. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणे हे थंडीच्या दिवशी अंगावरचे वस्त्र काढून घेण्यासारखे आहे, असे एक सूत्र सांगते. दुसरी उपमा हिब्रू पाठात धुण्याच्या सोड्यावर शिर्का ओतण्याची आहे, तर प्राचीन ग्रीक अनुवादात जखमेवर शिर्का ओतण्याची. गाणे वाईट नाही. शिर्काही वाईट नाही. पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्याने आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शाप गणला जातो, असे आणखी एक सूत्र आहे. आणि सर्वांत बोचरे म्हणजे, मूर्खाच्या तोंडचे सूत्र हे लंगड्याच्या लोंबत्या पायांसारखे किंवा दारुड्याच्या हातात शिरलेल्या काट्यासारखे असते, हे सुद्धा सूत्रांच्याच ग्रंथात लिहिले आहे. सूत्रसंग्रहाने सूत्र वापरणाऱ्याला दिलेला हा इशारा आहे. लगेच त्याआधी, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये आणि द्यावे, अशी दोन परस्परविरुद्ध सूत्रे संकलकाने मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवली आहेत (२६:४-५). केव्हा कोणते, हे सूत्र सांगत नाही. ते समोरच्या माणसाकडे पाहून ठरवावे लागते. सुभाषितांची वही घेऊन दुखवट्याला जाणाऱ्याला नीतिसूत्रांचा पाठिंबा नाही.

तर मग गप्प बसावे, हा तिसरा आणि आजकाल सर्वाधिक प्रतिष्ठित असा पक्ष. 'मौनाची भाषा', 'शब्दांपलीकडचे सांत्वन' अशा शब्दप्रयोगांनी त्याला साहित्यिक वलयही मिळाले आहे. या पक्षाला ग्रंथात आधार आहे, हे नाकारता येत नाही. तुम्ही अगदी गप्प राहिलात तर तेच तुमचे शहाणपण ठरेल, असे ईयोब स्वतःच म्हणतो (१३:५). शोक करणारा बोलण्यापूर्वी सांत्वकांनी बोलू नये, असा नियमही तालमूदच्या 'मोएद कातान' या प्रकरणात याच कथेवरून काढलेला आहे. पण त्या नियमातील 'बोलण्यापूर्वी' हा शब्द नजरेआड करू नये. ते मौन दुःखिताला पहिला शब्द देण्यासाठी आहे, त्याचा शब्द टाळण्यासाठी नव्हे. ईयोबाला काय हवे होते ते त्यानेच एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे: माझे बोलणे नीट ऐका, तेच तुमच्याकडून माझे सांत्वन होऊ द्या. सात दिवसांनंतर ईयोब बोलला, आणि जे बोलला ते मित्रांना ऐकवले नाही. त्यांचे मौन ईयोबासाठी होते की स्वतःची भाषणे जुळवण्यासाठी, असा संशय घ्यायला जागा आहे. ऐकून न घेणारे मौन आणि ऐकून न घेणारे भाषण यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

हे आम्ही तिऱ्हाइताच्या तोऱ्यात लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकारी बाईंचा मुलगा गेला. तो आमचाच विद्यार्थी होता. आम्ही सारी साहित्याची माणसे त्यांच्या घरी गेलो. कोणी काळाच्या औषधाविषयी बोलले, कोणी कवितेचा आधार घेतला, आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, ईयोबाचा दाखला दिला. बाईंनी मध्येच विचारले, "त्याची निबंधाची वही तुमच्याकडे तपासायला होती ना?" आम्ही म्हणालो, "बाई, आत्ता त्याचा विचार करू नका." थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारले. आम्ही या खेपेस काहीच बोललो नाही; त्यांच्याकडे पाहून नुसती मान हलवली. त्या वेळी आम्हांला ते मौन फार भारदस्त वाटले होते. दोन महिन्यांनी ती वही आठवली. शोधायला गेलो तेव्हा तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे रद्दीत गेलेले होते. बाईंनी त्या दिवशी सांत्वन मागितलेच नव्हते, वही मागितली होती. आम्ही एकदा बोलून आणि एकदा गप्प राहून, दोन्ही वेळा तीच चूक केली.

ग्रंथाचा निवाडा बेचाळिसाव्या अध्यायात येतो, आणि तो या चर्चेला निर्णायक आहे. परमेश्वर अलीफजला म्हणतो, की माझा सेवक ईयोब बोलला तसे तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. बोलला नाहीत, असे. 'तुम्ही गप्प बसायला हवे होते' असे नव्हे. शाबासकी मिळते ती बोलण्याला. तीही तीस-एक अध्याय धर्मममार्तंडांचे बोट धरायला नकार देणाऱ्या, संतापलेल्या बोलण्याला. शिवाय या वाक्यात एक हिब्रू शब्द आहे, 'एलाय'. बहुतेक भाषांतरे त्याचा अर्थ 'माझ्याविषयी' असा घेतात. परंतु त्याचा नेहमीचा अर्थ 'माझ्याकडे', 'मला उद्देशून' असा आहे. प्राचीन ग्रीक अनुवादकानेही तेथे 'माझ्यासमोर' असा शब्द योजला. हा अर्थ घेऊन मागे वळून पाहावे. तिघे मित्र देवाविषयी अखंड बोलतात. देवाला उद्देशून त्यांच्या तोंडून एक वाक्य निघत नाही. ईयोब मात्र मित्रांशी बोलता-बोलता वळतो आणि थेट देवाला विचारतो: माझ्यावर का नजर रोखली आहेस, माझे अपराध किती ते मला दाखव. इतकेच नव्हे, तर हे तिघे ईयोबालाही नावाने हाक मारीत नाहीत. त्याला नावाने संबोधतो तो एकटा अलीहू. तेव्हा मित्रांचा अपराध हा, की ते देवाविषयी बोलले, दुःखाविषयी बोलले, ईयोबाविषयी बोलले. कोणाशी म्हणून बोलले नाहीत. जपून बोलणे म्हणजे शब्द तोलणे इतकेच नव्हे, तर आपण कोणाशी बोलत आहोत याचे भान सुटू न देणे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिक होईल. वावटळीतून बोलणारा परमेश्वर तरी ईयोबाला काय सांगतो? सैतानाशी झालेल्या बोलण्याचा तो उच्चारही करीत नाही. समुद्र, हिम, रानगाढव, गरुड यांचे प्रश्नामागून प्रश्न मात्र विचारतो. हे सांत्वन म्हणावे काय? आमचे उत्तर मर्यादित आहे. या भाषणात दरारा आहे, कारण नाही. पण खोटा आरोपही नाही. ईयोबाने पाप केले म्हणून हे झाले, असे परमेश्वर एकदाही म्हणत नाही. आणि तो ईयोबाशी बोलतो. ईयोबाच्या अखेरच्या उत्तरात (४२:६) जे क्रियापद येते, त्याचा अर्थ 'पश्चात्ताप करतो' असा सर्रास केला जातो; परंतु त्याचा धातू सांत्वनवाचक शब्दाचाच आहे, आणि धूळ-राखेत बसलेल्या माणसाचे समाधान झाले, असेही ते वाक्य वाचता येते. कोणते वाचन खरे, याचा वाद संपलेला नाही. ज्यांना हा ग्रंथ शरणागतीची कथा म्हणून शिकवायचा आहे, त्यांनी निदान हा वाद विद्यार्थ्यांपासून लपवू नये.

आणि शेवटी सर्वांत दुर्लक्षित वचन. मित्र ज्या हेतूने आले तो सांगताना दुसऱ्या अध्यायात दोन क्रियापदे आली होती: त्याच्यासाठी हळहळावे आणि त्याचे सांत्वन करावे. नेमकी तीच जोडी बेचाळिसाव्या अध्यायात पुन्हा येते (४२:११), पण कर्ता बदलून. आता भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक येतात, त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवतात, परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या अरिष्टाबद्दल त्याचे सांत्वन करतात, आणि प्रत्येक जण एकेक नाणे व सोन्याचे एकेक वळे देतो. त्यांचे शब्द ग्रंथकाराने नोंदवलेले नाहीत. मात्र अरिष्ट कोणी आणले, हे येथे स्वच्छ लिहिले आहे. ते ईयोबाच्या माथी मारलेले नाही. मित्रांचे पांडित्य जेथे हरले, तेथे खरे मानणे, शेजारी बसून जेवणे आणि हाताला काही लावणे एवढ्याने काम झाले.

साहित्याच्या अध्यापकांशी या साऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपला धंदाच दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलण्याचा आहे. आत्मकथन असो, शोकात्म कविता असो, दुष्काळाची कादंबरी असो. आपण तिचे प्रयोजन, आशयसूत्र आणि जीवनदृष्टी सांगून मोकळे होतो. लिहिणाऱ्याचे दुःख आपल्या सिद्धान्तात बसले नाही, तर अलीफजप्रमाणे आपण सिद्धान्त सोडत नाही, लिहिणाऱ्याला दोषी ठरवतो: कडवट आहे, एकांगी आहे, आक्रस्ताळा आहे. ग्रंथात अलीहू नावाचा एक तरुण आहे. आपण शब्दांनी इतके भरलो आहोत की तोंड न उघडलेल्या नव्या बुधल्यासारखे फुटू, म्हणून बोलतो, असे तो स्वतःच कबूल करतो. आणि सहा अध्याय बोलतो. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर तिघा मित्रांची दखल घेतो. अलीहूचा उल्लेखही होत नाही. चर्चासत्रांना जाणाऱ्या आम्हां सर्वांना हा अनुल्लेख पुरेसा बोलका वाटला पाहिजे.

तिघा मित्रांना सुटकेची वाट मात्र ठेवलेली आहे. त्यांनी सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडे जायचे, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. म्हणजे ज्याला समजावायला निघाले होते त्याच्याच दारात, त्याच्या शब्दावर अवलंबून, उभे राहायचे. पुढल्या वर्षी 'ईयोब' शिकवाल तेव्हा सहनशीलतेवर टिपण देऊ नका. एकविसावा अध्याय उघडा, तो मोठ्याने वाचा, आणि वर्गातील कोणी काही विचारले तर आधी त्याने काय विचारले आहे ते नीट ऐका.